पत्रिकेतले तुतू काणे

"ताई, ह्ये काणे कोन?" आबांनी लग्नपत्रिका माझ्या टेबलावर ठेवली. "भावकी इचारती, पोरगी हवाईची हाय का पुन्याची?"

देवळाली प्रवरात माझं छपाईचं दुकान आहे. आबा ऊसवाले, जुने गिऱ्हाईक. त्यांचा नातू नीलेश हवाई बेटांवर एका हॉटेलात कामाला. तिथलीच लेलानी त्याने पसंत केली, लग्न गावी ठरलं. मुलीकडची नावं त्याने व्हॉट्सॲपवर इंग्रजीत पाठवली, मी ती मराठीत टाइप केली. प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा कागद, आबांच्या मुलाने चष्म्याशिवाय ओके केला. निम्म्या पत्रिका वाटूनही झाल्या होत्या.

छापलं होतं : 'श्री. तुतू काणे व सौ. तुतू वहिनी यांची नात'.

"अन् पत्रिकेत वहिनी?" आबा म्हणाले. "कुनाची वहिनी?"

मला 'Kane' आणि 'Wahine' ही स्पेलिंगं वाचून काणे आणि वहिनीच वाटलं होतं. मी नीलेशला फोन लावला, स्पीकरवर टाकला. इथे सकाळ, तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ.

तो हसतच सुटला. "ताई, काने म्हणजे पुरुष. वाहिने म्हणजे बाई. तुतू म्हणजे आजी नाहीतर आजोबा, घरातली लाडाची हाक. मानाने म्हणायचं तर कुपुना."

म्हणजे मी पोरीला 'श्री. आजोबा व सौ. आजी' यांची नात केलं होतं. वर घराणं काण्यांचं.

"मग खरी नावं काय?"

"थांबा, लेलानीला विचारतो. मीपण तुतूच म्हणतो."

मागून मुलीचा आवाज आला, "तुतू, तुतू." आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"थोरल्या मानसाला तू-तू करती?"

"आबा, आजीला हाक मारतेय ती."

नावं मिळाली. आजोबा केओनी, आजी मोकिहाना.

"आजेसासऱ्याचं नाव म्हाईत न्हाई याला," फोन ठेवल्यावर आबा म्हणाले. मग पत्रिका माझ्यापुढे सरकवून, "त्यांच्याकडं आजी हाय, तर आमच्याकडं बी टाका. माझी आजी. आई लवकर गेली, तिनंच वाढवलं मला."

"नाव सांगा."

"मोठीबाई."

"ती हाक झाली, आबा. नाव?"

आबांनी खर्ड्याला दिलेल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "मोठीबाईच की रं. दुसरं काय आसतंय?"

दुसऱ्या दिवशी आबा जमिनीचा जुना कागद घेऊन आले. विहिरीजवळचा तुकडा आजीच्या नावावर होता. सोनाबाई. त्यांनी ते नाव मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं.

पत्रिका पुन्हा छापल्या. या वेळी प्रूफ आबांनी स्वतः वाचलं, चष्मा लावून.

माझ्या दुकानात पत्रिकेसाठी भरून घ्यायच्या फॉर्मवर आता थोरल्या माणसांसाठी दोन रकाने आहेत : 'काय म्हणता' आणि 'नाव काय'. पहिला सगळे झटकन भरतात. दुसऱ्यासाठी बहुतेकांना घरी फोन लावावा लागतो.