आग्यामोहोळाखालचं स्वागत

आग्यामोहोळ उठतं तेव्हा आधी आवाज येतो म्हणतात. मला नाही आला. मला एकदम अंधारच आला. डोंगरातल्या पडक्या लेण्याच्या दारात, सकाळच्या लख्ख उन्हात मी हातात धुपाटणं धरून उभा होतो, आणि कुणीतरी ऊनच काढून घेतलं. अजून आठवलं की हात मानेवर जातो.

आधीचं सांगतो. हडपसरला आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. आमची म्हणजे मालकाची. मी तिथे कोड लिहायचो. त्या दिवसांत ‘ऑनसाइट’ जाणं म्हणजे मोक्ष. आमचं काम जिच्यासाठी चालायचं त्या अमेरिकन कंपनीच्या मुख्य बाई पुण्यात आल्या होत्या आणि एकालाच तिकडे नेणार होत्या : मला, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला. मी धायरीतल्या आमच्या सोसायटीत केव्हाच जाहीर करून टाकलं होतं, की मीच जाणार. तिकडच्या थंडीसाठी जाड कोटसुद्धा घेऊन ठेवला होता.

बाईंना हॉटेल नको होतं, निसर्ग हवा होता. मी इको-लॉज शोधून काढलं. खाली मातीच्या खोल्या, वर प्राचीन लेणं. चालवणारे गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पोचल्या पोचल्या पहिला धक्का मला संडासात बसला. फ्लश नाही, नळ नाही, कोपऱ्यात राखेची बादली.

मी बाहेर येऊन विचारलं, “सर, पाणी?”

“प्यायला हवंय?”

“नाही, म्हणजे...”

“मग राख आहे.”

बाई त्या राखेवर इतक्या खूश झाल्या, की त्यांनी तिचा फोटो काढला. मी ठरवलं, आता आपली संस्कृतीही दाखवायची. ओवाळायला बायकोला बरोबर आणलंच होतं. सकाळी लेण्याच्या दारातच औक्षण करायचं, आणि वातावरण जमावं म्हणून वर धुपाचा धूर.

लेण्याच्या वाटेवर पाटी होती : ‘वर आग्यामोहोळ आहे. धूर, अत्तर आणि उत्साह खाली ठेवून जावे. माश्या आमच्या ओळखीच्या आहेत. ती ओळख आपल्या उपयोगी पडणार नाही.’

आता मी पुण्याचा माणूस. आमच्याकडे पाटी पाळायची नसते, चार लोकांत सांगून हशा मिळवायचा असतो. मी तिथेच ‘वा!’ म्हणून दाद दिली. बाईंनी विचारलं, काय लिहिलंय? मी इंग्रजीत सगळं सांगितलं आणि वर खुलासा केला, की हा आमच्या गावचा विनोद आहे.

“म्हणजे माश्या नाहीत?”

“छे हो!”

बायको मागून म्हणाली, “अहो, वर बघा जरा. छताला काय लोंबतंय?”

“कोरीवकाम आहे ते. प्राचीन आहे.”

“हलतंय.”

“तू ओवाळ.”

तिने बाईंना कुंकू लावलं. मी निखाऱ्यांवर धूप टाकला आणि कोरीवकाम खाली आलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. बाई ओरडत उतारावरून पळत होत्या. मी त्यांना वाचवायला त्यांच्यामागे धावत होतो. हातातलं धुपाटणं मी सोडलंच नव्हतं. त्यामुळे मी जाईन तिथे धूर, आणि धुराबरोबर चवताळलेल्या माश्या. बाई माश्यांपासून पळत नव्हत्या, माझ्यापासून पळत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. “अहो, ते टाका आधी!” बायकोचा आवाज आला, तेव्हा कुठे ते हातातून सुटलं. मग कुणीतरी अंगावर घोंगडी फेकली.

आम्ही तिघं प्राध्यापकांच्या बंद खोलीत बसलो होतो. बाईंचा ओठ सुजून लोंबत होता आणि कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत उतरलं होतं. त्या एकेक श्वास मोजून घेत होत्या. ते पाहून मला पहिल्यांदा खरीखुरी भीती वाटली. माणूस मरू शकलं असतं.

प्राध्यापक नखाने माझ्या मानेतले काटे काढत होते.

“आपण पाटी वाचलीत ना?”

“वाचली.”

“आवडली?”

डॉक्टरांनी बाईंना इंजेक्शन दिलं, धोका नाही म्हणून सांगितलं. परतीच्या गाडीत बाई सुजलेल्या ओठांतून सावकाश म्हणाल्या, “आमच्या सिस्टिमने कधी धोक्याचा इशारा दिला, तर तोही तुम्ही मला विनोद म्हणून सांगाल का?”

मी ‘नाही’ म्हणालो. पण माझा ओठही सुजलेला होता. नीट उमटलं नसावं.

सोमवारी सहकाऱ्याचं नाव जाहीर झालं. माझं काम त्याला समजावून द्यायला बसलो, तेव्हा माझा एक डोळा अजून उघडत नव्हता. तो भला माणूस. बराच वेळ चुळबुळत राहिला. शेवटी म्हणाला, “राग मानू नकोस, पण तिकडे थंडी फार म्हणतात. तू तो जाड कोट घेऊन ठेवला होतास ना?”

दुसऱ्या दिवशी मी कोट नेला. त्याने तो तिथेच, टेबलाशी उभा राहून चढवला. खांद्यात जरा सैल होता, पण चालला.