हळू चालणारा पुढे

आखातातल्या बिन महमूद वस्तीतले आमचे शेजारी उन्हाळ्यात मॉलमध्ये चालायला जातात. ते बायकोच्या बरेच पुढे असत आणि वळूनही न बघता "यल्ला, चला" म्हणत. शेवटी वहिनींनी येणंच बंद केलं.

जुलैत दोघं आल्प्समध्ये गेले. तिथे रोज एका डोंगरी निवाऱ्यापासून दुसऱ्या निवाऱ्यापर्यंत चालायचं होतं.

"मी दमले तर हे मला निवाऱ्यातच ठेवून पुढे जातील," वहिनी निघताना म्हणाल्या.

परतल्यावर दोघं मॉलमध्ये दिसले. वहिनी दुकानं बघत पुढे, ते वहिनींच्याच चालीने मागे. मी कारण विचारलं.

"डोंगरातल्या गाइडचा नियम. सगळ्यात हळू चालणारा पुढे. म्हणजे कोणी मागे पडत नाही."

"आणि बोलणारा मागे," वहिनी न वळता म्हणाल्या. "यल्ला, चला."