आत्याचं मरतुकडं

आमची आत्या ज्याच्यावर जीव लावायची त्याला शिव्या घालायची. परक्या माणसाशी ती अगदी लाघवी बोले. "या पावणं, बसा, च्या ठिवते," असं म्हणताना तिचा आवाजच बदलायचा. घरच्यांच्या वाट्याला मात्र मेल्या, मुडद्या, काळतोंडी. दादाला दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा वस्तीवर पेढे वाटत ती "आमचं ठोंब्या पास झालं एकदाचं" म्हणून सांगत फिरली होती. तान्ह्या बाळाला कुणी गुटगुटीत म्हटलं की "कुठलं गुटगुटीत, रोडकं तर हाय" म्हणत ती त्याला पटकन पदराखाली घ्यायची. चांगलं बोललं की दृष्ट लागते, यावर तिची पक्की श्रद्धा होती. तिच्या तोंडून स्वतःचं कौतुक ऐकलेलं एकही माणूस आमच्या घरात नाही.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती पिंपरी पेंढारला, मळ्यातल्या आमच्या वस्तीवर, भावाकडे म्हणजे माझ्या वडिलांकडे परत आली. स्वतःचं मूल नव्हतं. माझ्या जन्मानंतर आई बरेच महिने अंथरुणावर होती, तेव्हा शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून मला आत्यानंच जगवलं. पुढे दादाची मुलंही तिच्याच पायांवर न्हायली. शेळीनं जवळ न घेतलेलं करडू, पंखाखाली न मावलेलं कोंबडीचं पिल्लू, सगळं फिरून तिच्याकडेच यायचं. दमत नाहीस का, असं विचारलं तर म्हणायची, "मला काय दुसरं काम हाय?" त्यात तक्रार नसायची. खरंच तिला दुसरं काम नव्हतं.

आई-वडील गेल्यावर वस्तीवर दादाचं बिऱ्हाड आणि आत्या एवढेच उरले. आमच्या भागात आता उसाउसात बिबट्या आहे. लोक त्याला वाघच म्हणतात. अंधार पडला की कुणी एकटं बाहेर निघत नाही, ओसरीला लोखंडी जाळी मारून घेतात. आजूबाजूची कितीतरी घरं बंद करून माणसं गावात, फाट्यावर राहायला गेली. दादानंही आळेफाट्याला फ्लॅट घेऊन ठेवला होता, पण आत्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं. "माझ्या शेळ्या काय तुझ्या ग्यालरीत बांधू?" एवढं विचारून ती विषय संपवायची.

दिवाळीनंतर थंडी सुरू झाली तेव्हा मी कंपनीचं काम घरून करायचं म्हणून तिकडे गेले होते. एका संध्याकाळी दादाची मुलं अंगणातून आत आली आणि पाठोपाठ बिबट्यानं ओसरीपुढून आमची मांजरी उचलली. मुलं थोडा वेळ आणखी बाहेर असती तर, हा विचार कुणीच मोठ्यानं बोललं नाही. दादानं त्याच दिवशी टेम्पो सांगितला आणि ओळखीच्या एकाला शेळ्या विकायचंही ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्यांच्या गोठ्यात, रिकाम्या गोण्यांच्या ढिगातून बारीक आवाज आला. मांजरी व्यायली होती हे आम्हाला माहीत होतं, पण पिल्लं कुठे ठेवलीत ते माहीत नव्हतं. बाकीची थंडीनं गारठून मेली होती, एकच वळवळत होतं. आत्यानं ते तळहातावर घेतलं. डोळे मिटलेले, शेपटी म्हणजे नुसता दोरा. "हे मरतुकडं कशाला मागं ऱ्हायलं," असं ती म्हणाली आणि मी मनात म्हटलं, झालं, हिचा जीव जडला.

"ह्याचं डोळं उघडूस्तोवर मी इथनं हलत न्हाई. तुमी जा," असं तिनं दादाला सांगून टाकलं. म्हातारीला त्या वस्तीवर एकटी टाकून जाणार कोण? टेम्पो पुढे ढकलला. दादा वैतागून मला म्हणाला, पिल्लू जगलं तर ती येणार नाही आणि मेलं तर आपल्याशी बोलणार नाही. त्याचं बरोबर होतं. एका मुठीत मावणाऱ्या जिवावर आमचं सगळं घर अडून बसलं होतं.

मग तिची आई व्हायची धडपड सुरू झाली. आधी तिनं पिल्लाला तान्ह्या पोरासारखं मांडीवर उताणं घेऊन वातीनं दूध पाजायला सुरुवात केली. मी आळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला तर ते ओरडलेच. उताणं पाजलं तर दूध छातीत जातं, पालथंच धरा म्हणाले. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर आणा, बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब द्या आणि काही झालं तरी ऊब तुटू देऊ नका. दादा निमूट जाऊन सगळं घेऊन आला. आत्यानं दुरडीत जुनं लुगडं घातलं, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिल्लाच्या बाजूला ठेवली. पाजून झालं की ओल्या बोळ्यानं त्याचं बूड पुसायचं, मग ते मुतायचं. मांजरी चाटते ती याचसाठी, हे कळल्यावर आत्यानं बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. मग म्हणाली, "बघ, मुक्या जनावराला किती कामं असत्यात." रात्री-अपरात्री मला जाग यायची ती तिच्या शिव्यांनीच. "पी मुडद्या, पी, मला झोपू देतो का न्हाई?" पिल्लू पीत होतं, त्याचं पोट जरा गोल दिसायला लागलं होतं. मी चुकून तसं बोलले तर माझ्यावरच भडकली.

डोळे मात्र उघडत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, आठवडा-दीड आठवडा लागतो, घाई करू नका. आत्याचं गणित वेगळं होतं. मांजरी पिल्लांना तोंडात धरून सात घरं फिरवते आणि मग त्यांचे डोळे उघडतात, असं आमच्याकडे मानतात. "आई असती तर हिंडवलं असतं तिनं. कुणी हिंडवलं न्हाई म्हणून तर उघडंना," असं म्हणून ती दुपारी पिल्लाला पदरात घेऊन निघालीच. मी नको म्हणून पाहिलं. शेवटी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात मोठ्यानं गाणी लावलेला मोबाईल घेऊन तिच्या मागे गेले, कारण उसातून जाताना आवाज करावाच लागतो.

प्रत्येक उंबऱ्यापाशी ती थांबायची, पदर बाजूला करून पिल्लू पुढे धरायची आणि सांगायची, हे सुताराचं घर, हे माळ्याचं. पहिल्या घरी बाई होत्या, त्या हसल्या, चहाला बसा म्हणाल्या. पुढची बहुतेक घरं कुलपातच. अंगणात गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, जाळीच्या आत एखादी मोडकी खुर्ची. "आत्या, इथं तर कुणीच नाही," मी म्हटलं. "कुलूप असलं म्हून काय झालं, घर हाय ना," असं म्हणून तिनं त्या बंद दारांनाही पिल्लू दाखवलं. त्या दारांवरून तिची नजर फिरताना मला बघवेना. तिच्याबरोबरीच्या बायका तिथे राहत होत्या, आणि आता हाक मारावी असं कुणी उरलं नव्हतं.

सहा घरं झाली आणि ऊन उतरलं. सातवं घर उसापलीकडे होतं. मी साफ नकार दिला. आत्या बांधावर थोडी टेकली, तिनं पिल्लाला पुन्हा पदरात गुंडाळलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. सातवं घर फाट्याचं दाखवू त्याला. दादाला सांग, टेम्पो बोलव." मला इतका आनंद झाला की मी तिथूनच फोन लावला. गार वारा सुटला होता ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्या रात्री पिल्लानं दूध घेतलं नाही. सकाळी पाजायला गेलं तर दूध नाकातून बाहेर आलं. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि बाहेर येऊन हळू आवाजात मला म्हणाले, छातीत सर्दी भरलीय, एवढ्या कोवळ्या जिवाला थंडीत बाहेर न्यायचं नव्हतं. आत्या दारातच उभी होती. तिनं ते ऐकलं. ती आत गेली, पिल्लाला पोटाशी धरून बसली आणि मी जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं, "पी रे बाळा. माझं सोनं ते, पी." आता दृष्टीलासुद्धा भ्यायचं कारण उरलं नाही, हे तिला कळलं होतं.

दुपारच्या आत ते गेलं. एका डोळ्याची कड किंचित उकललेली होती. आत्यानं विचारलं, "ह्यानं मला बघितलं असंल का गं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? शेवग्याखाली तिनं स्वतःच खड्डा काढला, आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. टेम्पो आला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता ही बसते हटून. पण सामान चढायच्या आधीच ती ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली होती. शेळ्यांकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

फाट्यावर ती जेमतेम वर्षभर जगली. पडून असायची. आजार असा कोणता नव्हता, डॉक्टर टॉनिक लिहून द्यायचे. जाण्याआधी काही महिने, मी भेटायला गेले असताना, बिल्डिंगचा वॉचमन खोकं घेऊन वर आला. पार्किंगमध्ये कुणीतरी मांजराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू टाकलं होतं, आणि आजींना यातलं कळतं असं त्याला दादानं सांगितलं होतं. आत्यानं खोक्यात डोकावूनही पाहिलं नाही.

"दुसरीकडं न्या भाऊ," ती म्हणाली. "माझ्या हाताला यश न्हाई."

मला राहवलं नाही. तिचे हात हातात घेऊन मी म्हटलं, "असं काय बोलतेस आत्या? मी नाही का जगले याच हातांवर?"

तिनं हात सोडवून घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तुला आई व्हती," ती म्हणाली.