दहा मिनिटांत उत्तर

नवीन जालन्यात, स्टेशन रोडला, एका बियाणे कंपनीच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर आमचं होस्टिंगचं ऑफिस होतं. लोकांच्या वेबसाइट आमच्या सर्व्हरवर चालायच्या. कुणाला जागा किंवा मेमरी वाढवून हवी असली की ती विनंती माझ्याकडे यायची. या नोकरीसाठीच मी धावडा या माझ्या गावाहून जालन्याला राहायला आले होते. पहिल्या दिवशी साहेबांनी नियम सांगितला, “चोवीस तासांच्या आत काम झालं की बस. मोठमोठ्या कंपन्या दोन-दोन दिवस लावतात.”

मलाही तो नियम सोयीचा वाटला. खोटं कशाला सांगू?

कुंभार पिंपळगावचे एक निवृत्त गुरुजी आमचे ग्राहक होते. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या झेडपी शाळांतल्या पोरांसाठी ते ऑनलाइन सराव परीक्षा घ्यायचे. सुरुवातीला दोन-तीन शाळा होत्या, मग आजूबाजूच्या तालुक्यांतल्याही येऊ लागल्या. काही पोरं शाळेत बसून, काही घरच्या मोबाइलवर पेपर सोडवायची. एका शनिवारी भर दुपारी बाराला त्यांनी लिहिलं, ‘उद्या अकराला पेपर आहे. पोरं फार वाढली. मेमरी दुप्पट करून द्यावी.’

‘आपली विनंती मिळाली’ हे ठरलेलं उत्तर मी पाठवलं, विनंती मंजुरीसाठी साहेबांकडे सरकवली आणि संध्याकाळी घरी गेले. साहेबांनी रविवारी साडेअकराला मंजुरी दिली. चोवीस तास अजून भरले नव्हते. पेपर मात्र अकरा वाजून पाच मिनिटांनीच बंद पडला होता.

सोमवारी गुरुजी एसटीनं आले. भांडायला आलेत असं समजून मी उठून उभी राहिले. ते शांतपणे समोर बसले.

“पोरं तासभर गोल फिरणारं चक्र बघत बसले, मॅडम. एका पोरीची आई त्या दिवशी कामावर गेली नव्हती. घरात एकच मोबाइल, तो पोरीला लागणार म्हणून.”

“गुरुजी, आम्ही चोवीस तासांच्या आत...”

“जमत न्हाई असं शनिवारीच सांगायचं ना. मंग मी पेपर दोन पाळ्यांत घेतला असता. नकार बी चालला असता मला, पण वेळेवर.”

ते गेल्यावर मी थेट साहेबांच्या टेबलाशी गेले.

“साहेब, दुपटीपर्यंत मेमरी द्यायचा अधिकार मला द्या. मंजुरी नंतर घेईन. प्रत्येकाला दहा मिनिटांत खरं उत्तर मिळेल.”

“अन् उद्या सगळेच मागायला लागले मंग?”

“तर दहा मिनिटांत नाही म्हणेन.”

साहेब हसले नाहीत, पण महिनाभर करून बघ म्हणाले.

मी रोज सकाळी आल्याबरोबर कुठल्या मशीनवर किती मेमरी मोकळी आहे ते कागदावर लिहून ठेवू लागले. उत्तरात किती वाजेपर्यंत होईल ते लिहायचं, नसेल होणार तर तसं लिहायचं. पहिल्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याला मी चार मिनिटांत नकार कळवला. शिव्या खाव्या लागतील असं वाटलं होतं. त्यानं लिहिलं, ‘जल्दी सांगितलं, बरं झालं. जाहिरात पुढच्या आठवड्यात टाकतो.’

मग गुरुजींचा पुढचा पेपर आला. त्यांची मेमरी मी शुक्रवारीच दुप्पट केली होती. तरी रविवारी सुट्टी असून मी ऑफिसात येऊन बसले. अकरा वाजून आठ मिनिटांनी स्क्रीनवरची मेमरीचा वापर दाखवणारी लाल रेघ सरळ वर चढायला लागली आणि फोन वाजला.

“मॅडम, काही शाळा ऐनवेळी वाढल्या. पान उघडून न्हाई राह्यलं!”

“पाच मिनिटं द्या, गुरुजी. पोरांना उठू देऊ नका.”

आता दुपटीच्या पुढे जायचं होतं, आणि तेवढा अधिकार मला नव्हता. साहेबांना फोन लावला. ते कुठल्याशा लग्नात होते, मागे बँड वाजत होता. मी ओरडूनच सांगितलं.

“अगं, विचारत काय बसलीस? दे! अन् हे बघ, इथून पुढं विचारायचंच न्हाई. महिना-बिहिना काही न्हाई, हाच नियम.”

आकडा दोनदा तपासला आणि बटण दाबलं. मशीन बंद न करता मेमरी वाढली. रेघ क्षणभर तशीच राहिली, मग खाली उतरली आणि सपाट झाली. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी गुरुजींना फोन केला. “उघडलं का?”

“ऐका,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी फोन शाळेतल्या वर्गाकडे धरला असावा. काहीच ऐकू आलं नाही. खोलीभर पोरं असून कुणी हूं की चूं करत नव्हतं. सगळी पेपर सोडवत होती.

फोन ठेवला आणि मी रिकाम्या ऑफिसात दोन्ही हात वर करून अशी किंचाळले की खालचे वॉचमन चाचा जिना चढून धावत आले.

“क्या हुआ मॅडम?”

“जिंकलो, चाचा!” मी म्हटलं. त्यांना काही समजलं नाही, पण तेही हसायला लागले.