भिंगरीला वाट

"वाका!" चाचा ओरडायचे. गिऱ्हाईक दचकून वाकलं की त्याच्या डोक्यावरून भिंगरी सुर्रकन दुकानात शिरायची. मग चाचा म्हणायचे, "मालकीण आहे. हां, बोला, पाव किती?"

लोणावळ्याच्या बाजारात माझ्या औषधाच्या दुकानासमोर त्यांची बेकरी. छताला या पाखराचं, लालबुडी भिंगरीचं, चिखलाचं घरटं, आडव्या सुरईसारखं. घाण पावावर पडू नये म्हणून खाली खारीच्या खोक्याचा पुठ्ठा टांगलेला. विणीच्या दिवसांत रात्रीसुद्धा शटर हातभर उघडं. चोरी होईल म्हटलं की माझ्यावरच डाफरायचे, "पाव चोरून कोण गडगंज झालंय?"

तुम्हीही अशी तिरसट माणसं पाहिली असतील, सगळ्या दुनियेवर चिडलेली आणि एकाच गोष्टीपुढे मऊ. लेकीकडे अमेरिकेला जाऊन आले, तर तिकडचं त्यांना काही म्हणजे काही आवडलं नाही. आवडली फक्त एका पुलाखालची भिंगरी. मोबाइलवर फोटो दाखवायचे. "बूड दोघींचं तांबूस, घर दोघींचं चिखलाचं. पण तिच्या कपाळावर पांढरा पट्टा, शेपूट आखूड. आपलीची बघा, कशी कात्रीसारखी! ती शेकड्यांनी चाळीत राहते, आपली बंगलेवाली." मग आवाज चढायचा. "पिल्लं उडेपर्यंत त्या लोकांनी पुलाचा रंग थांबवला. पुलाचा! आणि आमचे चिरंजीव?"

चिरंजीवांना बेकरीचा कॅफे करायचा होता. काचेचं दार, एसी. घरट्यात पिल्लं होती. ती उडेपर्यंत थांब, एवढंच चाचांनी मागितलं.

"अब्बा, सीझन थांबतो का?"

चाचा मोतीबिंदू काढायला तळेगावला गेले आणि त्याच संध्याकाळी ह्याने घरटं खरवडून काढलं, पिल्लांसकट. मी धावत जाऊन भांडले, तर मलाच म्हणतो, "मावशी, पक्षीच तर आहेत." अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

चार दिवसांनी काळा चष्मा लावून चाचा परतले. सवयीने दारात वाकले आणि कपाळ काचेवर आपटलं. पोरगा हसला. "अब्बा, आता वाकायची गरज नाही."

चाचांनी आत छताकडे पाहिलं. जन्मभर आरडाओरडा केलेला माणूस, तसाच माघारी वळला. त्या दारातून ते पुन्हा कधी आत गेले नाहीत. माझ्या पायरीवर बसून राहायचे. थंडी पडायच्या आत वारले.

यंदा उन्हाळ्यात भिंगरी आली, चोचीत चिखल घेऊन. काचेवर आपटली, फिरली, पुन्हा आपटली. पोरगा फडकं घेऊन बाहेर आला आणि चिखलाचे डाग पुसायला लागला.

"मेल्या, दार उघड आधी!" मी रस्त्यापलीकडून ओरडले.

"एसी चालू आहे, मावशी."