रुमालाखालचा तिसरा हात

१९४६ च्या उन्हाळ्यात कुरुंद्यातल्या एका गोठ्यात जुन्या मोटारीचा सौदा करताना रुमालाखाली माझ्या हाताला दोन हात लागले. समोर सौद्याला माणूस एकच होता आणि त्याने एकच हात आत घातला होता.

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी खऱ्या मानल्या नाहीत. म्हणून जे घडलं तेवढंच लिहितो.

कुरुंदा आज हिंगोली जिल्ह्यात आहे; तेव्हा तो सगळा मुलूख निजामाचा होता. मला हिंगोली स्टेशनवरून भाड्याने चालवायला मोटार हवी होती. नवी परवडत नव्हती. माझे मामा मोटारींचे मिस्त्री. त्यांना घेऊन मी दत्तरावांकडे गेलो. दत्तराव शेती करत आणि बैलांचा व्यापार करत. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हापासून त्यांची कापडी टपाची मोटार गोठ्यात बैलांशेजारी उभी होती.

मागच्या सीटवर त्यांची पत्नी रुक्मिणबाई बसल्या होत्या. आम्ही आलो तरी त्या उतरल्या नाहीत. मामांनी बॉनेट उघडलं. टायर वाळून तडकलेले, टप उंदरांनी कुरतडलेला, खालच्या फळ्या वाळवीने खाल्लेल्या, रेडिएटर गळका. चासी मात्र सरळ होती. मामांनी हँडल मारलं. इंजिन जड फिरलं, पण फिरलं. गाडी हलली तशी रुक्मिणबाईंनी मांडीवरचं काही सावरावं तसे दोन्ही हात आवळले. मांडीवर काही नव्हतं.

“जाम न्हाई,” मामा माझ्या कानाशी पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, “दत्तराव, ही मोटार हाय का खुराडं? सीटखाली कोंबडी अंडी घालून राहिली!”

“अंडी फुकट घ्या, मिस्त्री. मोटारीचं बोला.”

“विकता काहून?” मी विचारलं.

दत्तरावांनी आम्हाला गव्हाणीपाशी बाजूला घेतलं. त्यांचा चार वर्षांचा मुलगा, बाळू, दोन वर्षांपूर्वी तापाने फणफणला होता. पेट्रोल नव्हतं. छकड्यात ऊन लागेल म्हणून त्यांनी मोटारीलाच बैल जुंपले आणि वसमतचा दवाखाना गाठायला निघाले. पोरगं वाटेतच आईच्या मांडीवर गेलं.

“तवापासून हितंच बसती. भाकर बी हितंच. मोटार गेली तर घरात येईल... न्हाई तर माझं घर संपलं.”

सौदा पक्का होतोय हे बायकोच्या कानावर जायला नको होतं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला. बैलबाजारात भाव असाच ठरतो — रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, जितकी बोटं तितके शेकडे, आकडा तोंडाने बोलायचा नाही.

“मोटारीला बी?” मामा हसले.

“जनावरासमोर भाव बोलू नये. त्याला समजतं.”

“हिला कुठं कान हायेत?”

“भोंगा हाय की. कान बी असतील!”

मामांचे हात ऑइलने बरबटले होते, म्हणून मी हात घातला. दत्तरावांनी करंगळी सोडून माझी चार बोटं धरली. मी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात माझी करंगळी कुणीतरी मुठीत घेतली.

“एवढ्या खाली आलात?” मी विचारलं.

“म्या आकडा बदलला न्हाई.”

माझी चार बोटं त्यांच्या पकडीत तशीच होती. त्यांचा डावा हात गव्हाणीवर होता. मामा चार पावलांवर हात पुसत उभे होते. करंगळीवरची मूठ लहान होती, आणि गार. मनगटाला दोरा होता, दोऱ्यात मणी.

मी ते दत्तरावांना सांगितलं. त्यांनी रुमालाखालीच हात पुढे सरकवला आणि थांबले. मग मोटारीकडे न बघता म्हणाले, “अगं... इकडं ये.”

रुक्मिणबाई उतरल्या. काही न विचारता त्यांनी रुमालाखाली हात घातला. मी माझा काढून घेतला. बैल रवंथ करत होते.

“ताप उतरला हाय,” त्या म्हणाल्या.

त्यांनी हात बाहेर काढला. बोटं अर्धी मिटलेली होती. हात अंगापासून थोडा दूर, खाली धरून त्या घराकडे चालू लागल्या. चाल अगदी हळू. उंबऱ्याशी थांबल्या, जरा वाकल्या आणि आत गेल्या.

दत्तरावांनी रुमालात तोंड दाबलं. पुढचा भाव आम्ही तोंडानेच ठरवला. कुणी ताणलं नाही.

त्या हाताचा खुलासा मला आजवर सापडलेला नाही. मामांनी तो विषय मरेपर्यंत काढू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटारीला बैल जुंपून ती बाहेर काढली. रुक्मिणबाई दारात आल्या नाहीत. आतून त्यांचा हळू आवाज येत होता. एक घास घे, आणखी एक घे, असं त्या म्हणत होत्या. दत्तराव आमच्याजवळ बैलांचे कासरे धरून उभे होते. त्या घरात तिसरं माणूस राहत नव्हतं.