अकरा एकांचे कंट्रोलर

"गाडीले टाइम हाये. तवर एक भागाकार करा."

आमच्या बसस्टँडच्या बाकावर कोणी टेकलं, की चौकशीच्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा. हातात पाठकोरा कागद आणि शिसपेन्सिल. तुम्ही म्हणाल, कंट्रोलरचं काम गाड्या पुकारायचं. ते तर ते चोख करत. पण मधल्या वेळात ते अकरा एकांच्या मागे लागलेले असत.

अकरा एक म्हणजे एका ओळीत अकरा वेळा लिहिलेला एक. वाचताना त्यांची छाती फुगायची: "अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा!" लहानपणी गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं, ही मूळ संख्या नाही, हिला भाग जातो, कशानं, ते तू शोध. गुरुजी देवाघरी गेले आणि हे शोधत बसले. "तीन एकाले सदतीसनं जाते, सात एकाले दोनशे एकोणचाळीसनं जाते. मंग हे अकराच काऊन अडून बसले, सांगा सर!" आता मराठीच्या मास्तरानं काय सांगावं, कपाळ?

दोनापासून एकेक मूळ संख्या घ्यायची, तिनं भाग द्यायचा आणि बाकी रजिस्टरात लिहायची. भाजीवाल्या बाया, कंपाउंडर, लग्नाच्या वऱ्हाडातले मामालोक, कोणी सुटलं नाही. मोबाईलला मात्र सक्त बंदी. "त्याले काय, त्याले गाडी थोडीच पकडा लागते!" एकच ध्यास, रिटायर व्हायच्या आत सापडलं पाहिजे.

एकदा मला एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास मिळाला. भागाकार अर्ध्यावर आला आणि बुलडाण्याची गाडी लागली. मी ठोकून दिलं, "बाकी सात!" आणि पळालो.

दोन वर्षांनी घरी बसल्या बसल्या दुर्बुद्धी सुचली आणि मी मोबाईलला विचारलं. उत्तर आलं: एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. बाकी शून्य. माझाच आकडा हो! कंट्रोलर तोवर तीस हजारांच्या पुढे गेले होते आणि रिटायरमेंटला आठ दिवस उरले होते.

जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी खिडकीशी जाऊन म्हणालो, "माझा तो भागाकार परत करून पाहता का?"

"काऊन? तुमी शिकलेले मानूस."

"पाहा हो एकदा!"

कुरकुरत बसले. मग कुरकुर थांबली. तीनदा करून पाहिलं. चष्मा पुसला आणि माईक ओढला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. अकरा एकाले एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग गेला हो!" सगळा स्टँड सामान उचलून उभा राहिला. एका आजीनं मला विचारलं, "भाऊ, हे मोताळ्याले जाते काय?"

माईक बंद करून ते बाहेर आले. मी शिव्या खायच्या तयारीत. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमाले तवाच सापडलं होतं ना सर? मले सापडावं म्हून मुद्दाम सात सांगतले ना?"

खरं बोलायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "हाव."

आठवड्याभरानं ते रिटायर होऊन मुलीकडे अकोल्याला गेले. निघताना माझ्या पाया पडायला वाकले, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस. मी त्यांना अर्ध्यातच धरलं आणि मला रडूच फुटलं. "रडू नका सर," माझ्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "अकोला काही दूर नाही."